आधी वाढपी, मग पंगत

मंडळी, धावण्याच्या बाबतीत २००४ हे वर्ष मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. हजारो माणसं, परदेशी धावपटू, बक्षिसांच्या मोठमोठ्या रकमा, रस्त्याच्या दुतर्फा टाळ्या वाजवणारी गर्दी. आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, लंडनच्या टेडिंग्टन भागातल्या बुशी पार्कमध्ये, पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या गृहस्थांनी आपल्या धावणाऱ्या दोस्तांना एक पाच किलोमीटरची धाव ठेवली. किती जण आले? तेरा!

आज या दोन्ही गोष्टी प्रचंड वाढल्या आहेत. मुंबई मॅरेथॉन देशातली सर्वात गाजलेली शर्यत आहे, आणि तिच्या पावलावर पाऊल टाकून आपल्याकडे गावोगावी मॅरेथॉन निघाल्या. (पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन त्याआधीची, १९८३ पासूनची, पण साथ पसरली ती मुंबईनंतर.) आणि त्या तेरा जणांच्या धावेचं झालं 'पार्करन'. वीसहून जास्त देश, दोन हजारांहून जास्त जागा, दर शनिवारी सकाळी, पाच किलोमीटर, फुकट. मी इंग्लंडमध्ये जिथं राहते तिथल्या बागेतही ती होते, आणि मी तिथं कधी धावायला आणि कधी कामाला जाते.

दोन्हीची तुलना करून एकीला नावं ठेवायची असा माझा विचार नाही. मुंबई मॅरेथॉनमधून दरवर्षी सामाजिक संस्थांसाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण हल्ली प्रत्येक धावेच्या जाहिरातीत 'बंधुभाव', 'एकोपा', 'स्वयंसेवा' हे शब्द असतात. मला वाटतं, ते शब्द फार स्वस्त झालेत. नुसतं एकत्र धावून माणसं जवळ येत नाहीत. लोकलमध्येही आपण रोज एकत्र धावतोच की! एकमेकांसाठी आळीपाळीने राबलं की मग कुठे ती जवळ येतात. आजचं सगळं लिखाण या एका वाक्यासाठी आहे.

आता पार्करनचं यंत्र कसं चालतं ते सांगते, कारण गंमत त्यातच आहे.

सिंटन-ह्युइट तेव्हा दुखापतीमुळे धावू शकत नव्हते. नोकरीही गेली होती. धावणाऱ्या मित्रांची सोबत सुटू नये म्हणून त्यांनी ही टूम काढली. म्हणजे बघा, या सगळ्या प्रकाराचा जन्मच मुळी न धावणाऱ्या माणसाच्या हातून झाला! सुरुवातीला शेवटच्या रेषेवर क्रमांक म्हणून हातात द्यायला चक्क हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर होते, आकडे ठोकलेले. नंतर त्या जागी बारकोडवाली टोकनं आली. बाकी पद्धत जवळजवळ तीच आहे.

तुम्ही एकदाच नाव नोंदवायचं आणि आपला बारकोड घ्यायचा. तो सगळीकडे चालतो. शनिवारी सकाळी बागेत जायचं, धावायचं किंवा चालायचं. रेषा ओलांडली की घड्याळवाला बटण दाबतो. पुढे उभा असलेला माणूस तुमच्या हातात क्रमांकाचं टोकन देतो. त्याच्या पुढचा माणूस तुमचा बारकोड आणि टोकन दोन्ही स्कॅन करतो. घड्याळवाल्याला तुम्ही कोण ते माहीत नसतं, टोकनवाल्याला तुमची वेळ माहीत नसते, पण तिघांची माहिती जुळली की दुपारी तुमच्या मेलमध्ये निकाल हजर. वळणावळणावर पिवळी चमकती बंडी घातलेले लोक रस्ता दाखवायला आणि टाळ्या वाजवायला उभे असतात. आणि सर्वात शेवटी एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत येतो. त्याचं कामच शेवटचं येणं. त्यामुळे तुम्ही कितीही रेंगाळलात तरी 'शेवटचा आला' असं तुमच्याबद्दल कुणाला म्हणताच येत नाही!

ही एवढी साधी युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? आपल्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात शेवटून पहिल्या येणाऱ्या मुलाला किती हसायचे सगळे. त्याच्या मागे एक मास्तर मुद्दाम चालत आले असते तर?

आता महत्त्वाची गोष्ट. ही घड्याळवाली, टोकनवाली, बंडीवाली माणसं कोण? तीच, जी मागच्या शनिवारी धावत होती. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा धावतील. पगारी कुणी नाही. मागच्या आठवड्यात जिने मला टोकन दिलं, तिला या आठवड्यात मी देते. धावायला वेग लागतो, दम लागतो. टोकन द्यायला काहीच लागत नाही. ज्याला गुडघ्याने दगा दिलाय तो घड्याळ धरतो. जिचं बाळ तीन महिन्यांचं आहे ती बाळ पोटाशी बांधून वळणावर उभी राहते.

गेल्या उन्हाळ्यात आई इथं आली होती. दोन शनिवार माझ्याबरोबर नुसती बाकावर बसली. तिसऱ्या शनिवारी म्हणाली, "मला पण दे ना काहीतरी काम. किती वेळ बघत बसू?" मग तिला एका वळणावर उभी केली. साडीवर स्वेटर, स्वेटरवर ती पिवळी बंडी, पायात माझे जुने बूट. तळ्याकडे वळायचं तिथं डावा हात लांब करून उभं राहायचं, एवढंच काम. आईचं इंग्रजी म्हणजे 'थँक्यू' आणि 'व्हेरी गुड'. तिने येणाऱ्या प्रत्येकाला 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' म्हटलं. पहिल्या आलेल्या लंबूटांग पोरालाही आणि पाऊण तासाने आलेल्या, दोन्ही हातांत काठ्या घेतलेल्या आजोबांनाही. ते आजोबा थांबले, तिच्याशी काहीतरी बोलले, ती त्यांच्याशी मराठीत बोलली. दोघांचंही समाधान झालेलं दिसलं.

पुढच्या आठवड्यात पाऊस होता म्हणून आई आली नाही, तर तीन जणांनी मला विचारलं, तुझी आई कुठे? मी इथं इतकी वर्षं राहते. माझ्याबद्दल असं कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही!

घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, हे आपल्याकडच्या जुन्या लग्नांसारखं आहे. सगळेच घरचे."

आणि मला एकदम पंगत आठवली. आमच्या मामाच्या लग्नात जेवण वाढायला गावातलीच पोरं होती. कुणी भाताचं घमेलं, कुणी वरणाची बादली, कुणी नुसतं मीठ आणि लिंबू. सगळ्यांत लहान पोराकडे पाण्याचा तांब्या. उन्हात घामाघूम होऊन ती 'भात, भात' ओरडत पळायची आणि सगळ्यात शेवटच्या पंगतीला बसायची. तेव्हा त्यांना वाढायला घरातली मोठी माणसं उठायची, खुद्द नवरदेवाचे वडीलसुद्धा. पुढच्या महिन्यात त्यांच्यापैकी एकाचं लग्न, की आज जेवलेले उद्या वाढायला. हिशेब कुणी मांडत नसे, पण फिटत असे.

मग केटरर आला. त्यात वाईट काही नाही. मांडवामागे पुऱ्या लाटून लाटून बायकांच्या पाठीचे काटे ढिले व्हायचे, ते सुटलं हे चांगलंच झालं. पण त्यानंतर लग्नाला जाणारा माणूस पाहुणा उरला, घरचा राहिला नाही. पनीर जरा खारट होतं, आइस्क्रीम लवकर संपलं, असं बोलायचा हक्क त्याला मिळाला. वाढणाऱ्याचं नाव मात्र त्याला माहीत नसतं.

आता हे सगळं मी आज का लिहितेय, तर माझ्या मामेभावासाठी. तो सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असतो. तिथं त्याची आणि मित्रांची पहाटे पळणाऱ्यांची एक टोळी आहे, दहा-बारा जणांची. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून सुरू झाली, त्याचा हा परिणाम. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाऊन परत यायचं. शहरातले लोक रस्त्याला उभं राहून परक्या धावपटूंना ओरडून ओरडून जोर देतात. ते पाहून आजूबाजूच्या गावातल्या कित्येकांच्या पायांना खाज सुटली. तर या टोळीला आता गावात काहीतरी 'चालू करायचं' आहे, आणि त्यांच्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो वर्षातून एकदा मोठी धाव घेऊ. प्रवेश शुल्क, टी-शर्ट, मेडल, फ्लेक्स, प्रमुख पाहुणे. दुसरा तट, म्हणजे माझा भाऊ आणि अजून दोघे, म्हणतो दर रविवारी छोटी, फुकट. पण त्याचं स्वतःचंही मन डळमळतंय. फोनवर म्हणाला, "ताई, फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे किंमत नसते गं. चारशे रुपये भरले की माणूस पावसातसुद्धा उठून येतो. फुकट असलं की पांघरूण ओढून घेतो."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून त्याला जे फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथं सांगते.

अरे, चारशे रुपये भरून जो येतो तो येतो हे खरं, पण येतो तो गिऱ्हाईक होऊन. त्याला केळं वेळेवर हवं, मेडल जड हवं, फोटो त्याच दिवशी हवेत. त्यात त्याची काही चूक नाही, पैसे मोजलेत त्याने. आणि मग तुम्ही बारा जण आयोजक होता. आयोजक म्हणजे ज्याला शिव्या खायच्या तो. दोन वर्षांनी तुमच्यापैकी चार जण दमून बाजूला होतील, आणि उरलेले हे काम एखाद्या इव्हेंटवाल्याला देऊन मोकळे होतील. म्हणजे पुन्हा केटरर!

आणि स्वयंसेवक? मोठ्या धावांमध्ये पाण्याच्या टेबलामागे कॉलेजची मुलं उभी असतात, ती आठव. कित्येकदा सरांनी सांगितलं म्हणून आलेली. टोपी, वडापाव आणि प्रमाणपत्र. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून या मुलांनी देशभर खूप खरं काम केलंय, त्याबद्दल मला आदरच आहे. पण पाणी देणारा तो मुलगा आणि पाणी पिऊन कागदी पेला रस्त्यावर फेकणारा तो धावपटू यांची जागा कधी बदलत नाही. तो पेला शेवटी सफाई कामगार बाई उचलते, आणि तिची तर दोघांशीही गाठ पडत नाही. यात बंधुभाव कुठे शोधायचा?

माझ्या मते माणूस पावसात उठतो तो दोन कारणांनी. एक, पैसे वाया जातील म्हणून. दोन, आज माझी पाळी आहे, मी नाही गेलो तर घड्याळ कोण धरणार, म्हणून. पहिल्या कारणाने तो वर्षातून एकदा उठेल. दुसऱ्याने महिन्यातून एकदा. तुला कोणता हवा?

आता दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणशील ताई इंग्लंडात बसून गोडवे गातेय. फुकट म्हणजे खर्च नाही असं नसतं. पार्करनच्या मागेही पगारी माणसांची संस्था आहे, प्रायोजक आहेत, संगणकाचा खर्च आहे. आणि बाग तर कुणाची तरी असतेच. २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्डच्या पॅरिश कौन्सिलने, म्हणजे आपली ग्रामपंचायत समज, ठराव केला की लिटल स्टोकच्या बागेत दर शनिवारी शेकडो माणसं धावतात, वाटा झिजतात, तर त्यांनी थोडे पैसे द्यावेत. माणशी एक पौंड अशी चर्चा होती. केवढा गदारोळ झाला! पार्करनवाल्यांनी पैसे घ्यायला नकार दिला आणि तिथली धाव बंद केली. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की पंचायतीचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं. बागेची देखभाल तिथल्या रहिवाशांच्या करातून होते. पण तोडगा एक पौंडाचा नको होता. पौंड दिला की धावणारा बागेचा भाडेकरू होतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा धाव संपल्यावर सगळ्यांनी हातात फावडं घेऊन वाट दुरुस्त करायची, असं कुणी का म्हटलं नाही कोण जाणे.

आपल्याकडे मात्र असं म्हणणारे निघाले होते. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत आपल्या जिल्ह्यातला कोरेगाव होता आणि पहिला नंबरही त्याच तालुक्यातल्या वेळूने काढला. स्पर्धाच होती ती, बक्षीसही होतं. पण जिंकायचं कसं, तर गावाने मिळून चर खणायचे. पळण्यातली चुरस आणि घमेलं उचलण्यातली बंधुता एकाच मांडवात बसू शकतात, हे आपल्या जिल्ह्याने दाखवून दिलंय. शिकायला इंग्लंडला यायची गरज नाही.

चुरशीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पार्करनने आपल्या वेबसाइटवरून त्या त्या जागेचे विक्रम, सर्वात वेगवान कोण वगैरे याद्या काढून टाकल्या. कारण असं दिलं की ते आकडे बघून नवखी, हळू माणसं बिचकतात. हजारो लोकांनी निषेध केला. वेगाने पळणारे म्हणाले, आमच्या मेहनतीला इथं जागा नाही का? मला त्यांचंही पटतं. माझ्या ओळखीची एक बाई साठीनंतर पळायला लागली. तिच्या वयोगटातल्या विक्रमापासून ती वीस सेकंदांवर होती. ती यादी गेल्यावर तिचा चेहरा पडला तो पाहवला नाही. बंधुभावासाठी चुरस मारावी लागते असं मला वाटत नाही. पंगतीत कुणी सात जिलब्या खातो, कुणी पंधरा, आणि पंधरावाल्याचं कौतुक झालंच पाहिजे! फक्त पंगत त्याच्यासाठी मांडलेली नसावी. पार्करनमध्ये सुरुवातीच्या वर्षांत सरासरी वेळ बावीस मिनिटांच्या आसपास होती, आता ती तीसच्या वर गेलीय. म्हणजे खेळ दरवर्षी हळू होतोय, आणि चालवणारे ते अभिमानाने सांगतात. कुठल्या दुसऱ्या खेळात असं होतं?

पण पंगतीची ही उपमा मी कौतुकाने वापरतेय, तर तिची काळी बाजू लपवून चालणार नाही. आपल्या पंगती सगळ्यांसाठी नव्हत्या. कोण मांडवात बसणार, कोण बाहेर, कुणाच्या पत्रावळीत वरून टाकणार, हे जातीवरून ठरायचं. सहभोजनासाठी चळवळ करावी लागली ती उगीच नाही. बंधुता हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत घालावा लागला, कारण तो आपल्या पानात आपोआप वाढला जात नव्हता.

आणि हे फक्त आपल्याकडचं नव्हे. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन ऐकली असेल. नव्वद किलोमीटरच्या आसपास, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये. आता महाराष्ट्रातूनही पुष्कळ मंडळी तिथं जातात. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपम यांनी मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी १९२१ मध्ये ती सुरू केली. चौतीस जण पळाले. नावच 'कॉम्रेड्स', म्हणजे सोबती. बंधुभाव नावातच! आणि तरी काळ्या धावपटूंना आणि बायकांना त्यात अधिकृतपणे पळायची परवानगी मिळायला १९७५ साल उजाडलं. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड नावाची बाई बिनपरवानगी पळाली आणि पुरी करून आली. नियमाप्रमाणे मेडल नाही, तर बघ्यांनी आणि धावपटूंनी वर्गणी काढून तिला चांदीची भेट दिली. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावपटू असाच पळाला. त्याचीही अधिकृत नोंद झाली नाही. मला त्या वर्गणी काढणाऱ्यांचं कौतुक वाटतं. पण वर्गणी काढण्यापेक्षा दार उघडलं असतं तर पन्नास वर्षं वाचली असती.

पुढे त्याच कॉम्रेड्सचा नऊ वेळचा विजेता ब्रूस फोर्डाइस याने २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पार्करन नेली. जगातल्या अत्यंत खडतर शर्यतीचा राजा, आणि तो पुढे पाच किलोमीटर चालणाऱ्यांची सोय बघत बसला! आणि इंग्लंडमध्ये २०१७ साली हॅवरिग इथल्या तुरुंगात पार्करन सुरू झाली. कैदी आणि तुरुंगाचे कर्मचारी एकत्र धावतात, कैदीच टोकनं देतात. दार किती उघडं ठेवता येतं, त्याची ही दोन उदाहरणं. अर्थात इथंही सगळं आलबेल नाही. गरीब वस्त्यांतली माणसं, आमच्यासारखी बाहेरून आलेली माणसं त्या मानाने कमी दिसतात. आईला वळणावर उभी केली तेव्हा त्या बागेत साडी नेसलेली ती एकटीच होती.

म्हणून भावा, तुमची धाव सुरू करताना आधी टी-शर्टचा रंग ठरवू नका. आधी पाळ्यांची वही करा. एका पानावर चार रविवार, प्रत्येक रविवारी सहा नावं. घड्याळ, क्रमांक, वही, दोन वळणं आणि शेवटी चालणारा. आणि एकच नियम ठेवा. जो चार वेळा पळाला त्याने एकदा उभं राहायचं, मग तो डॉक्टर असो, फौजदार असो की तुमच्या टोळीतला सर्वात वेगवान पोरगा असो. बारकोड नसेना का, प्लास्टिकच्या चकत्यांवर आकडे लिहा. बुशी पार्कला वॉशर चालले, तुम्हालाही चालतील.

हायस्कूलचं मैदान मिळालं तर बरं, रस्ता अडवू नका. अनवाणी आला तरी चालेल असं बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण महागडे बूट हेही एक दारच आहे, बंद झालेलं. बायकांना बोलावणं पुरेसं नाही, घड्याळ बायकांच्या हातात द्या. मग बघ त्यांच्या नणंदा, जावा कशा येतात ते. फेऱ्या मैदानातच असू देत, म्हणजे झुंजूमुंजू झालेलं असतानाही कुणाच्या आईला काळजी नको. मैदान झाडणाऱ्या मावशींना प्रमुख पाहुण्या वगैरे करू नका, त्यांना लाज वाटते. पण त्यांना विचारा, झाडायचं काम महिन्यातल्या त्या चार रविवारी आम्ही केलं तर चालेल का. आणि वाटलं तर त्यांनी टोकन द्यावं. वाटलं तर पळावंसुद्धा.

पहिल्या रविवारी तेरा जण आले नाहीत तर नाउमेद होऊ नका. इथं दुसरी जागा सुरू व्हायला दोन वर्षांहून जास्त लागली, विम्बल्डनला, २००७ च्या जानेवारीत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळं थांबलं आणि इंग्लंडात पुन्हा सुरू झालं ते थेट जुलै २०२१ मध्ये. तेव्हा पहिल्या शनिवारी माणसं आली ती काही मेडलसाठी नाही. सोळा महिने कुणी कुणाला टोकन दिलं नव्हतं.

वर्षातून एकदा मोठी धाव तुम्ही पुढे घ्याच, फ्लेक्सही लावा, हौस असतेच. पण ती सगळ्या रविवारांनंतर. आधी वाढपी तयार होऊ देत. पंगत काय, मांडली की बसते.